टीव्हीच्या मागची बाजू

आमच्या टीव्हीच्या मागे हात घालायची परवानगी मला कुणी दिली नाही. मी ती घेतली.

टीव्ही तसा माझाच. माझ्या पहिल्या दिवाळी बोनसमधून आणलेला, जाड पाठीचा, उचलायला दोन माणसं लागतात असा. पण तो घरात आला त्या दिवसापासून पुढची बाजू पुसायची माझी आणि मागची बाजू यांची, अशी वाटणी होऊन गेली. मागे वायरी असतात, शॉक बसतो, बाईमाणसानं तिकडं नाक खुपसू नये. हे मला सांगणारे आमचे हे एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये सामान देण्याघेण्याचं काम करतात. आणि मी नागापूरच्या एमआयडीसीत पंधरा वर्षं कंट्रोल पॅनलचं वायरिंग करते. मोठाल्या मोटारी चालू-बंद करणारी ती लोखंडी कपाटं असतात ना, त्यांच्या पोटात दीड-दोनशे वायरी बसवायच्या, हे माझं रोजचं काम. दिवसभर ते करून घरी यायचं आणि तीन पिना खोचायला नवऱ्याची वाट बघायची. मला याचा राग यायचा. इतकी वर्षं तो गिळला, हेही खरं.

टीव्ही एकटा होता तोवर भांडण नव्हतं. मग त्याच्याभोवती गोतावळा जमला. सेटटॉप बॉक्स आला. माझ्या भावानं नवं घेतलं म्हणून त्याचं जुनं होम थिएटर आमच्याकडं आलं, पाच छोटे स्पीकर आणि एक घुमणारा ढोल्या स्पीकर, सोबत डीव्हीडी प्लेअर. शेवटी पुण्यात नर्सिंग शिकणाऱ्या मुलीनं इंटरनेटवरचं दाखवणारी डबी आणली, आणि ती जुन्या टीव्हीला जुळावी म्हणून मध्ये लावायची आणखी एक डबी. स्पीकर टीव्हीच्या आवाजावर चालायचे, त्यांचं काही नव्हतं. बाकीच्या तिघांना मात्र टीव्हीच्या मागे जागा एकच, तीन भोकांची. एकातून चित्र आत जातं, दोनांतून आवाज. एक यंत्र काढल्याशिवाय दुसरं लागत नाही.

ती मुलीची डबी आली आणि आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बदलल्या. त्यांचं माहेर घोडेगावच्या शेजारचं. वडील गुरांचा व्यापार करायचे, आणि ह्या लहानपणी त्यांच्याबरोबर बाजारात फिरलेल्या. मुलीनं त्यांना त्या डबीवर घोडेगावच्या बाजाराचे व्हिडिओ काढून दिले. एकामागून एक म्हशी. आत्याबाई पुढं सरकून बसायच्या आणि प्रत्येकीचा निकाल लावायच्या. ही धारेला लाथ मारणार. हिचं वय चोरलंय, शिंगं बघा. विकणाऱ्याला तर त्या थेट खोटारडा म्हणायच्या. त्यांना इतकं खूश मी सासरी आल्यापासून पाहिलं नव्हतं.

पण आम्ही दोघं सकाळी बाहेर पडणार, संध्याकाळी येणार. हे रात्री बातम्या बघून झोपायचे, त्यामुळं सकाळी वायर सेटटॉप बॉक्सचीच लागलेली असायची. आत्याबाईंचे गुडघे वाकत नाहीत. त्या दिवसभर बातम्यांतली भांडणं ऐकत बसायच्या. एकदा मी घरी आले तर टीव्ही बंद आणि त्या समोर बसून. विचारलं, तर म्हणाल्या, "ज्याचा हात मागं पोचतो त्याचा टीव्ही. आपला कसला?"

आपला म्हणाल्या. त्यात मीही आले.

यांनी केबलवाल्याला बोलावलं. त्यानं मागे टॉर्च मारला, टीव्ही म्हणजे जुना डबा आहे म्हणाला, आणि नवा घ्यायचा सल्ला देऊन चहा पिऊन गेला. यांना तेवढंच हवं होतं. त्यांनी शहरातल्या दुकानात जाऊन जुना देऊन नवा घ्यायचं पक्कं करून टाकलं. रविवारी सकाळी टेम्पो येणार होता. मला सांगितलं ते सगळं ठरल्यावर, जेवताना. नव्याच्या रिमोटवर एवढी बटणं, त्यातली बारीक अक्षरं आत्याबाईंना दिसणार नाहीत, असं मी म्हटलं. शिवाय टीव्ही माझा आहे. तिन्ही यंत्रं याच टीव्हीला जोडून देते, उठायला नको, वाकायला नको, असं सांगितलं.

हे हसले. म्हणाले, "अगं, कारखान्यात साहेब ड्रॉइंग देतो, तू वायर खोचतीस. त्याला डोकं लागत न्हाई."

मी हातातला घास ताटात ठेवला. मी म्हटलं, टेम्पो दारात येईपर्यंत वेळ माझा. आत्याबाईंनी जागेवर बसून, स्वतःच्या हातानं तिन्ही लावून दाखवलं तर टीव्ही राहील. नाही जमलं तर टेम्पोत चढवायला एका बाजूनं मी स्वतः धरीन. त्यांनी लगेच कबूल केलं. जमणार नाही याची त्यांना खात्री होती.

आमच्या पॅनलवर सिलेक्टर नावाचा फिरता स्विच असतो. एकवर फिरवला की एक मोटार, दोनवर दुसरी. मोटारीच्या जागी सेटटॉप बॉक्स आला म्हणून स्विचला काय फरक पडतो? भंगाराच्या पेटीत तसा एक होता, आतून ठणठणीत, वरची मूठ तेवढी फुटलेली. साहेबांना विचारून, गेटपास करून तो घरी आणला. कारखान्यातल्या माझ्या लाइनवरच्या मैत्रिणीनं वायरीला डाग द्यायची सोल्डरिंग गन दिली. पेठेतून वायरी आणि पिना खोचायच्या खोबण्या आणल्या. पेटी म्हणून यांचा पोचे पडलेला जेवणाचा डबा घेतला आणि चौकातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून त्याला भोकं पाडून घेतली. मुठीच्या जागी शेगडीचं जुनं बटण बसवलं, कारण आत्याबाईंच्या बोटांना जाड वस्तूच धरता येते.

शनिवारी अर्धी सुट्टी टाकून बसले. आमच्या कामात एक शिस्त असते. वायरीच्या दोन्ही टोकांना सारख्याच नंबरचा बारीक मणी घालायचा. कुठलंही टोक हातात घ्या, दुसरं कुठं गेलंय ते कळतं. अक्षरं दिसत नसली तरी आकडे आत्याबाई डोळ्याजवळ धरून वाचतात. त्या एका टोकाला बसल्या, मी दुसऱ्या. त्या सात म्हणायच्या, मी सात म्हणायचे. अशा सगळ्या वायरी आम्ही दोघींनी मिळून तपासल्या. त्यांचा एकही नंबर चुकला नाही.

संध्याकाळी हे आल्यावर चालू केलं. पाचही स्पीकरमधून असा भुंगा सुटला की शेजारची माणसं दारात आली. टीव्हीवर चित्र म्हणाल तर काळंकुट्ट. यांनी मेन स्विच बंद केला आणि हसत हातपाय धुवायला गेले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हरले म्हणून नाही, त्या हसण्यामुळं.

आत्याबाई तेवढ्यात म्हणाल्या, "नंबर तर समदे बरुबर हायेत. मी बघितल्यात की."

त्यांचे नंबर बरोबरच होते. मग चूक नंबर देणारीची. मी ओलं फडकं घेतलं आणि टीव्हीच्या मागची ती तीन भोकं पुसली. मागची बाजू यांच्याकडं होती, आणि ती इतक्या वर्षांत एकदाही पुसली गेली नव्हती. धुळीखाली तिन्ही भोकं एकाच रंगाची दिसत होती. पुसल्यावर रंग उघडे पडले. पिवळा चित्राचा, पांढरा आणि लाल आवाजाचे. आणि मी काय केलं होतं? पॅनलमध्ये वीज येते ती लाल, पिवळी, निळी वायर अशा ओळीनं. लाल पहिला, पिवळा दुसरा. हात त्याच सवयीनं चालला होता. निळा नव्हता, त्याच्या जागी पांढरा धरला. चित्राची वायर आवाजाच्या भोकात घालून मी स्पीकरला चित्र ऐकायला लावलं होतं. आमच्या लाइनवरच्या बाईशिवाय ही चूक दुसऱ्या कुणाकडून झाली नसती.

हे तोंड पुसत बाहेर आले तेव्हा मी त्यांना सांगितलं की चूक माझी होती, आणि ती मला सापडली आहे. दोन्ही वाक्यं एकाच आवाजात सांगितली. पिना बदलायला चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

रविवारी टेम्पो आला. दोन माणसं दोरी घेऊन दारात उभी राहिली. मी त्यांना थांबायला सांगितलं. आत्याबाई खाटेवर, डबा त्यांच्या हाताशी. त्यांनी बटण एकवर नेलं, बातम्या लागल्या. दोनवर नेलं, डीव्हीडीतलं आमच्या मुलीचं बारसं सुरू झालं. मग त्या जरा थांबल्या, पदर सारखा केला आणि तीनवर फिरवलं. घोडेगावची एक म्हैस पाच स्पीकरमधून अशी हंबरली की टेम्पोवाल्यानं मागं वळून रस्त्यावर पाहिलं.

"ही गाभन हाय," आत्याबाई म्हणाल्या. "इकनाऱ्याला ठावं न्हाई."

हे दाराला टेकून उभे होते. दिलेला शब्द त्यांनी पाळला, तेवढं मी मान्य करते. दुकानदाराला फोन केला, टेम्पोवाल्यांना चहा दिला. चहा देताना मात्र त्यांना म्हणाले, "जुगाड केलंय आम्ही. एकच डबा, तीन कनेक्शन."

आम्ही.

आमच्या प्रत्येक पॅनलच्या दाराला आतून एक स्टिकर असतो. त्यावर दोन रकाने. वायरिंग करणारा आणि तपासणारा. पंधरा वर्षांत त्या पहिल्या रकान्यात माझं नाव कधी पडलं नाही. कंत्राटी बायकांचं नाव घालायची पद्धत नाही, दोन्हीकडं लाइनच्या साहेबांचीच सही असते. पॅनल कुठं कुठं जातात, साखर कारखान्यांत, पाण्याच्या टाक्यांवर, आणि मी कुठंच जात नाही. त्या शनिवारी येताना एक कोरा स्टिकर मी मागून आणला होता. तो डब्याच्या झाकणाला आतून लावला, सगळ्यांच्या देखत पेन घेतलं आणि वायरिंगच्या रकान्यात माझं पूर्ण नाव लिहिलं. पेन आत्याबाईंच्या हातात दिलं. बचत गटात शिकलेली सही त्यांनी तपासणाऱ्याच्या रकान्यात एकेक अक्षर थांबून केली. टेम्पोवाले कप हातात धरून बघत राहिले.

हे जवळ आले, वाकून वाचलं. "माझं नाव कुठं लिहायचं?" त्यांनी विचारलं. चेष्टेत विचारलं, पण पुरतं चेष्टेत नाही. मी म्हटलं, दोनच रकाने आहेत.

आत्याबाईंनी टीव्हीवरची नजर काढली नाही. माझ्या खांद्यावरचं फडकं ओढून त्यांनी मुलाच्या हातात दिलं.

"म्होरली बाजू आता तू पुसत जा," त्या म्हणाल्या.