देवगडे सरांची रंगीत मशीन

कॉम्प्युटर क्लासमध्ये धूळ साचू नये म्हणून देवगडे सरांनी एसी बसवला, खिडक्या पक्क्या बंद केल्या, चपला बाहेर काढायचा नियम केला. धूळ साचली नाही. किस्से मात्र साचत गेले, आणि ते झटकायचं फडकं आम्ही कुणी हातात घेतलं नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नागपुरात प्रताप नगरला आमचा क्लास. मालक देवगडे सर, शिकवणारे दोघं, मी आणि दिलीप. सरांना कॉम्प्युटरमधलं सगळं कळायचं, फक्त तो चालू केल्यानंतरचं सोडून. एरवी ते छापील मराठी बोलत. घाबरले की लगेच गावच्या बोलीवर येत.

* * *

मे महिन्यात क्लासला तुफान गर्दी. अर्धी बॅच कॉम्प्युटरसाठी, अर्धी एसीसाठी. पाटणेकाकू रोज दुपारी यायच्या, पण एक बटण दाबतील तर शपथ. शेवटी दिलीपने विचारलं, "काकू, काही अडलं का?"

काकूंनी पिशवीतून लोकर काढली. "मले थंडी वाजून राहिली गा. म्हटलं, स्वेटर तरी होऊन जाईल."

भर मे महिन्यात नागपुरात पूर्ण झालेला तो एकमेव स्वेटर असावा. सरांनी काकूंना सर्टिफिकेटही दिलं. काकू म्हणाल्या, गळा थोडा तंग झाला, पण कोर्स चांगला आहे.

* * *

धुळीला एवढं भिणारे सर रोज सकाळी मशीनला अगरबत्ती ओवाळायचे. ओवाळून झाली की खोचायची कुठे? समोर फ्लॉपीची खाच असायचीच.

एक दिवस फ्लॉपी वाचणं बंद झालं. कंपनीचा इंजिनिअर आला, खाच उघडली, बोटावर राख घेतली आणि म्हणाला, "इथं कोणी बिडी ओढतं काय?"

सरांनी वळून माझ्याकडे आणि दिलीपकडे असं काही पाहिलं की इंजिनिअरला आमची कीव आली.

* * *

आमच्या जुन्या तीन मशीनचा पडदा हिरवा. आतलं चित्र काढणारं कार्ड एकरंगी. त्यामुळे रंगीत कार्डासाठी बनवलेला गेम टाकला की तो सुरूच व्हायचा नाही. दिलीपने एक प्रोग्राम लिहिला. तो मध्ये बसून गेमला थाप मारायचा की बाबा रे, रंगीत कार्डच आहे, चल. गेम बिचारा चालायचा. मोटारीच्या शर्यतीत रस्ता हिरवा, गाडी हिरवी, आकाशही हिरवं, पण धावायची झकास.

दिलीपला स्वतःच्या हुशारीचा गर्व भरपूर. त्याने तो प्रोग्राम छापून माठाजवळच्या भिंतीवर टांगला. पाणी प्यायला येणारा प्रत्येक जण चूक दिसली की पेनाने दुरुस्ती करायचा, दिलीप ती मशीनमध्ये उतरवायचा, आणि गाडी आणखी नीट पळायची.

सर हसले. "स्वतःची अक्कल अशी भिंतीवर टांगायची असते का, दिलीप?"

"टांगली तर चार लोकं सुधरवतात, सर. कपाटात ठेवली तर कसर लागते."

सरांनी कपाटाकडे पाहिलं. तिथे त्यांच्या पदव्या होत्या.

* * *

मग सरांनी कॅबिनमध्ये नवी मशीन आणली. रंगीत कार्ड, रंगीत पडदा आणि पुढे वेगाचं बटण. बटण आत असलं की मशीन सुसाट, बाहेर आलं की संथ. सरांना संथपणाचा तिटकारा. दसऱ्याला सगळ्या मशीनची पूजा झाली, तेव्हा त्यांनी बटण आत दाबलं आणि त्यावर शुभ-लाभचं स्टिकर चिकटवलं. "आता हिला कुणी हळू करू शकणार नाही."

तेवढ्यावर थांबते तर सर कसले? दिलीपला बोलावून म्हणाले, "आमचे सासरे पैसे द्यायला तयार आहेत. अशाच आणखी तीन मशीन घेतो, जुन्या भंगारात देतो. मग तुझ्या प्रोग्रामची गरज नाही. आणि तुझीही."

दिलीपचं घर त्याच्या एकट्याच्या पगारावर चालायचं. मला सरांचा मनापासून राग आला. दिलीप मात्र भिंतीपाशी जाऊन पाणी प्यायला.

* * *

सासरे म्हणजे भिवापूरचे नामदेवराव, मिरचीचे व्यापारी. ते मशीन पाहायला आले. सरांनी त्यांना कॅबिनमधल्या गुबगुबीत खुर्चीत बसवलं आणि शर्यतीचा तोच गेम लावला. "रंग बघा मामाजी. वेग बघा."

तो गेम जुन्या मशीनच्या चालीवर बेतलेला. नव्या मशीनवर गाडी निघाली ती थेट खड्ड्यात. नामदेवरावांचं बोट गाडी वळवायच्या बटणापर्यंत पोचायच्या आत दुसरी गेली, मग तिसरी.

"जावईबापू, हे हळू नाही होत का?"

"होतं, पण... ते स्टिकर काढता येत नाही. पूजेचं आहे."

"पोळ्याले आम्ही बी बैलाची पूजा करतो," नामदेवराव उठत म्हणाले, "पण त्याचा कासरा नाही तोडत."

ते बाहेर आले आणि दिलीपच्या शेजारी हिरव्या पडद्यासमोर बसले. दुपारचा चहा तिथेच झाला, संध्याकाळचाही. गाडी वळणावळणानं चालली होती आणि नामदेवराव खांद्यानं वळत होते. जाताना एवढंच म्हणाले, "या तीन मशीन विकाच्या नाही. मी मिरची घेऊन येतोच नागपूरले. पुढच्या बारीले हीच हिरवी गाडी मले तुमच्या कॅबिनमंधी पाहिजे. तिथली खुर्ची चांगली आहे."

त्यांना बसमध्ये बसवून सर परतले. दारात चपला काढायचंही विसरले. तसेच दिलीपपाशी येऊन उभे राहिले.

"दिलीप, तुह्या त्या प्रोग्रामनं माही रंगीत मशीन हिरवी होईल का गा?"

दिलीपने मान वर केली नाही.

"भिंतीवर टांगला आहे, सर. वाचून घ्या."