विहिरीवरचा तवंग

लोह्याच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली नाही. आठवडाभर नांदेडच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राची प्रात्यक्षिकं लावून पाय आधीच भरून आले होते. पण वडिलांचा फोन होता, "तुझ्या काकानं हिरीत डिझेल सांडलं. तपास अन् कागदावर लिहून दे."

विहीर दोघा भावांची, इंजिन काकांचं. चार दिवसांवर काकांच्या मुलीचं लग्न. काकांनी कबूल केल्याशिवाय मांडवात पाय टाकणार नाही, असं वडील पारावर चारचौघांत बोलून बसले होते.

विहिरीच्या काठाशी रंगीबेरंगी चकाकणारा तवंग. पायऱ्यांवर तांबूस, बुळबुळीत साका. मी बघताक्षणी ओळखलं. आमच्या खानदानातली पहिली पदवी माझी. ती अशा वेळी मी लपवत नाही.

तुराटीची काडी घेऊन तवंगावर ओढली. पापडासारखे तुकडे झाले आणि तसेच तरंगत राहिले.

"डिझेल असतं तर पुन्हा मिळून आलं असतं. हे जिवाणू आहेत. पाण्यातल्या लोखंडावर जगतात, मागं गंज राहतो. कुणी काही टाकलेलं नाही."

"लोखंडावर?" वडील म्हणाले. "त्यायला दात हायेत का?"

"दादा, हसण्यावारी नेऊ नका."

त्यांनी काडी घेतली, स्वतः दोनदा ओढून बघितली.

"बरोबर हाय तुझं. पण मी बोलून बसलो. आता कोणत्या तोंडानं जाऊ?"

"चुकलं म्हणा."

"तूच म्हण. तू शिकलेली."

लग्नाला मी आणि आई गेलो. काकांनी दारातच विचारलं, "बाप कुठाय?"

"गुडघा धरलाय." आयुष्यात कधी प्रयोगशाळेत नमुन्याच्या बाटलीवर खोटी तारीख टाकली नाही मी.

काका माझ्याकडं बघत राहिले. "काल तर हिरीवर होता. काडीनं पाणी ढवळून राहिला होता, येकटाच." जाताना त्यांनी बुंदीचा डबा हातात दिला. "घे. गुडघ्याला लाव म्हणावं."

वडिलांनी निरोप ऐकला, बुंदी संपवली आणि म्हणाले, "सकाळी डबा देऊन ये."

"मी नाही. लई थकले, दादा."

सकाळी बससाठी निघाले, तेव्हा ते धुतलेला डबा मांडीवर घेऊन दारात बसले होते. एक चप्पल पायात होती.