हिरामणचे ठिपके आणि माझा शिक्का

"रंगवलाय. वळू रंगवलाय. गाडीत चढवा आणि माघारी न्या," गुरुजी ओरडून राहिले होते, आणि त्यांच्या हातातला माईक चालू होता. त्यामुळे ही बातमी एकाच वेळी प्रदर्शनाच्या मैदानात, भज्यांच्या गाड्यांवर, आकाशपाळण्यात वर अडकलेल्या लोकांना आणि माझ्या अंदाजाने कर्नाटकातल्या चार गावांना कळली.

जळकोटच्या अलीकडच्या एका गावची यात्रा होती. यात्रेत दरवर्षी पशुप्रदर्शन भरतं. नोंदणीच्या टेबलावर गुरुजी, म्हणजे गावच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. टेबलासमोर शिवलिंगअप्पा. अप्पांच्या हातात कासरा आणि कासऱ्याच्या दुसऱ्या टोकाला हिरामण. हिरामण म्हणजे देवणी जातीचा वळू, एवढा मोठा की उन्हाळ्यात त्याच्या सावलीला दोन ऑटो उभे राहतात. मी त्या भागाचा पशुधन विकास अधिकारी. लोकांच्या भाषेत ढोरांचा डॉक्टर.

गुरुजींच्या हातात हिरामणचा प्रवेश अर्ज होता. अर्जाला फोटो लावलेला. फोटोत दुधासारखा पांढराशुभ्र वळू, अंगावर डाग म्हणून नाही. समोर उभ्या हिरामणच्या अंगावर मात्र सतरा काळे ठिपके. फोटोवर गोल शिक्का आणि त्यावर सही. शिक्का माझा. सहीही माझीच.

मी चार हात अंतरावर उभा राहून चहा पीत होतो. फोटो बघितला आणि काय झालंय ते एका क्षणात समजलं.

आता हे कसं झालं ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

नोकरीची शेवटची काही वर्षं राहिली तेव्हा मला फोटोग्राफीचा नाद लागला. मी कॅमेरा घेतला. त्याची किंमत बायकोला अजून सांगितलेली नाही, म्हणून इथंही लिहीत नाही. सोबत पक्ष्यांचे फोटो काढायची लेन्स घेतली. पहिल्याच दिवशी ती लावून तळ्याच्या बांधावर उभा राहिलो, तर तीन गावचे लोक मोजणीवाला आला समजून सातबारे घेऊन आले. पक्षी एकही आला नाही.

फोटो काढणं निम्मं काम. उरलेलं निम्मं कॉम्प्युटरवर होतं, त्याला एडिटिंग म्हणतात. त्यासाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं हे विचारायला मी नांदेडला गफारभाईंकडे गेलो. गफारभाईंचा स्टुडिओ जुना. त्यांनी दोन पर्याय दाखवले. एक फुकटचं. त्यात पन्नास बटणं, शंभर सरकपट्ट्या. उघडल्यावर ट्रॅक्टरची वायरिंग उघडल्यासारखं वाटायचं. दुसरं वर्षाची वर्गणी भरून घ्यायचं. त्यात एकच बटण. ते दाबलं की सॉफ्टवेअर स्वतःच फोटो बघतं, स्वतःच ठरवतं आणि स्वतःच सुधारतं.

"डॉक्टरसाब, फुकटवाला लो," गफारभाई म्हणाले. "हात से काम करो. ये जादू को आदमी और जानवर एकीच दिखते."

मी हसलो आणि जादूवालं घेतलं.

पहिलं काम घरातलंच आलं. मेहुणीच्या मुलीचा बायोडेटा करायचा होता. तिच्या कपाळावर कांजण्यांचे दोन व्रण. मी सॉफ्टवेअरला एक प्रीसेट करून दिला. प्रीसेट म्हणजे आपण एकदा आखून दिलेली रीत. पुढच्या वेळी एक क्लिक केलं की सगळं आपोआप तसंच होतं. चेहरा उजळ करायचा, डाग काढायचे, लक्ष वेधणारी फालतू वस्तू दिसली तर पुसायची. त्याला नाव दिलं 'स्वच्छ'. मुलीचं लग्न जमलं. घरात माझा मान इतका वाढला की आठ दिवस मला भाजी आणायला कोणी सांगितलं नाही.

तेवढ्यात प्रदर्शन आलं. त्या वर्षी समितीनं नवीन नियम केला होता की प्रत्येक जनावराचा अर्जावर फोटो पाहिजे आणि फोटोवर डॉक्टरचा शिक्का पाहिजे. का, तर आदल्या वर्षी एकाच म्हशीनं दोन मालकांच्या नावावर दोन बक्षिसं घेतली होती. मी समितीला म्हणालो, फोटोसुद्धा मीच काढतो, फुकट. हौशी माणसाचं हे असंच असतं. त्याला कोणी बोलवत नाही, म्हणून तो फुकट जातो.

चाळीस जनावरं काढली. हिरामणसाठी तर अप्पांच्या शेतात अर्धा दिवस घालवला. आधी लेन्स पूर्ण उघडी ठेवली. लेन्सला डोळ्यासारखी बाहुली असते, तिला अ‍ॅपर्चर म्हणतात. ती मोठी ठेवली की समोरचं स्पष्ट येतं आणि मागचं धूसर होतं. लग्नाच्या फोटोत ते छान दिसतं. अप्पांनी स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाले, तोंड हाय, पर मागचं ढोर कुठं गेलं? मग बाहुली बारीक केली. शेपटी हलत होती म्हणून शटर वेगात ठेवलं. पांढरं जनावर कॅमेऱ्याला सहन होत नाही; तो त्याला मळकं करडं करून टाकतो. म्हणून उजेड एक घर वाढवला. शेवटी असा फोटो आला की हिरामणनं स्वतः मान वळवून बघितला. खोटं वाटत असेल तर अप्पांना विचारा.

ठिपक्यांबद्दल दोन शब्द सांगतो, कारण सगळं त्यांच्यावरच आहे. देवणी जनावर तीन प्रकारचं. एक नुसतं पांढरं. एक अंग पांढरं, तोंड काळं. आणि तिसरं पांढऱ्यावर वेडेवाकडे काळे ठिपके असलेलं, त्याला शेवरा म्हणतात. त्या चाळिसांत शेवरा एकटा हिरामण होता. बाकी पांढरे देवणी, लाल कंधारी आणि काळ्याभोर म्हशी. म्हणजे ज्यांच्या अंगावर काढायला काही नव्हतंच असे.

रविवारी दुपारी सगळे चाळीस फोटो एकदम सॉफ्टवेअरमध्ये टाकले. याला बॅच म्हणतात. एकावर जे करायचं ते सगळ्यांवर होतं. माझा विचार असा की उजेड सगळ्यांचा सारखा करून घ्यावा. त्यासाठी कोणता प्रीसेट होता? एकच होता. क्लिक केलं आणि जेवायला बसलो.

जेवून उठेपर्यंत सॉफ्टवेअरनं हिरामणच्या अंगावरचे सतराच्या सतरा ठिपके कांजण्यांचे व्रण समजून काढून टाकले होते. कानातला नंबरचा पिवळा बिल्ला फालतू वस्तू म्हणून पुसला होता. बिल्ले बाकीच्यांचेही गेले होते, पण रंग जुळल्यावर कानाकडे कोण बघतो? प्रिंट आल्या. मी चाळीस शिक्के मारले आणि अर्ज थेट समितीकडे पाठवले. शिक्का मारताना माणूस फोटो बघत नाही, जागा बघतो.

तर, आता परत मैदानात.

अप्पांचं म्हणणं इतकंच होतं की वळू त्यांचाच आहे आणि जन्मल्यापासून असाच आहे. कानातल्या बिल्ल्याचा नंबर अर्जाशी जुळत होता. गुरुजी म्हणाले, बिल्ला बदलता येतो. आणि ज्याच्या फोटोत बिल्लाच नाही, त्याच्या कानात तो आज आला कुठून? गर्दीतून कोणीतरी हेअर डायच्या पाकिटाबद्दल बोललं आणि हशा पिकला.

अप्पा हसणाऱ्यांकडे बघत नव्हते. ते पहिल्या रांगेत बघत होते. तिथं त्यांचे व्याही उभे होते. हे गाव म्हणजे अप्पांच्या लेकीचं सासर. प्रदर्शन झाल्यावर व्याह्यांच्या घरी जेवण ठरलेलं होतं. व्याही नुसती टोपी काढत होते आणि परत घालत होते. बक्षीस गेलं तर पुढच्या वर्षी येतं. पण लेकीच्या गावात माईकवरून कोणी लबाड म्हटलं, तर ते त्या पोरीला जन्मभर घागर भरताना ऐकावं लागतं.

"डाक्टर," अप्पा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बोला की तुमी काहीतरी."

मी बोललो. पण मी काय बोललो ते सांगायला मला आजही लाज वाटते. मी म्हणालो, वळू धुऊन बघा. माझा हिशोब सरळ होता. ठिपके धुऊन निघणार नाहीत, अप्पा सुटतील, आणि फोटोचं कोणी विचारणार नाही.

बादल्या आल्या. शाम्पूच्या पुड्यांची माळच्या माळ आली. कोणीतरी डिझेल आणलं, ते मात्र मी माझ्या अधिकारात परत पाठवलं. गुरुजींनी धोतर वर खोचलं आणि स्वतः नारळाच्या काथ्यानं घासायला घेतलं. एवढे लाड हिरामणचे आयुष्यात कोणी केले नव्हते. तो डोळे मिटून उभा राहिला. फेस इतका झाला की पाळण्यातल्या लोकांना खाली ढग उतरल्यासारखं दिसलं असेल. आणि पाणी ओतलं, तर ठिपके आधीपेक्षा काळे. पॉलिश केल्यासारखे.

गर्दीनं टाळ्या वाजवल्या. मी सुटकेचा श्वास घेतला. तो निम्म्यात असतानाच गुरुजींनी काथ्या खाली ठेवला, हात पुसले आणि माईक परत उचलला.

"वळू खरा आहे. मान्य. मग फोटो दुसऱ्या वळूचा आहे. अप्पा, डॉक्टरसाहेबांपुढं तुम्ही कोणाचा वळू उभा केला होता?"

म्हणजे धुण्यानं अप्पा सुटले नाहीत, उलट पक्के अडकले. आधी आरोप रंगाचा होता, आता थेट अदलाबदलीचा झाला. व्याह्यांनी टोपी काढली. या वेळी परत घातली नाही.

माझा गुन्हा आता सरकारी झाला होता. खोट्या फोटोवर अधिकाऱ्याचा शिक्का. पण त्या टोपीकडे बघितलं आणि मी गुरुजींच्या हातातून माईक घेतला. सांगितलं की वळू हाच आहे. फोटो मीच काढला, ठिपके मीच पुसले, न बघता शिक्काही मीच मारला.

मग गुरुजी म्हणाले, डॉक्टरसाहेब भले माणूस आहेत, अप्पांसाठी स्वतःवर ओढून घेत आहेत.

मी पिशवीतून कॅमेरा काढला. त्यात रॉ फाइल होती. रॉ म्हणजे कॅमेऱ्यानं पाहिलेलं जसंच्या तसं, न शिजवलेलं. मागच्या स्क्रीनवर दाखवली. सतरा ठिपके, कानात पिवळा बिल्ला. गुरुजींनी चष्मा वर करून बघितलं, खाली करून बघितलं.

"काढता येतात म्हणता," ते म्हणाले, "मग घालताही येत असतील."

पस्तीस वर्षं ज्या माणसानं मुलांच्या वह्यांत वडिलांच्या खोट्या सह्या पकडल्या, त्याच्यापुढं मी पुरावा म्हणून फोटो ठेवत होतो.

तेवढ्यात माझी नजर गुरुजींच्या डाव्या गालावर गेली. तिथं चामखीळ होती. साधी नव्हती. चांगल्या जांभळाएवढी. दोन पिढ्यांतल्या विद्यार्थ्यांना पाढ्यांआधी ती पाठ झालेली. तेच सॉफ्टवेअर माझ्या मोबाईलवरही होतं. मी म्हणालो, गुरुजी, एक मिनिट सरळ बघा. फोटो काढला. 'स्वच्छ' दाबलं. मोबाईल त्यांच्या हातात दिला.

गुरुजी बघत राहिले. मग डावा हात आपोआप गालाकडे गेला, चाचपून आला. मागून चार लोकांनी माना लांब करून बघितलं आणि मैदान हसायला लागलं. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी माईक बंद केला. खुर्चीत बसले. हिरामणच्या अर्जावरचा फोटो काढून बाजूला ठेवला, रकान्यात 'प्रत्यक्ष पाहिला' असं लिहिलं आणि सही केली.

मग उठून माईक परत चालू केला आणि ज्या आवाजात आरोप केला होता त्याच आवाजात सांगितलं, "शिवलिंगअप्पांचा वळू अस्सल आहे. चूक फोटोची आहे. अप्पांची नाही." व्याह्यांनी टोपी घातली आणि पुढं येऊन हिरामणच्या पाठीवर हात फिरवला.

हिरामणचा पहिला नंबर आला. परीक्षक म्हणाले, जनावराची निगा चांगली आहे, कातडी चमकते. चमकणारच. अर्धा किलो शाम्पू गेला होता.

सगळं आवरल्यावर गुरुजींनी मला मंडपाच्या मागं बोलावलं आणि त्या मोबाईलवरच्या फोटोच्या चार प्रती मागितल्या, पासपोर्ट साईज. वरच्या ऑफिसातून माझ्याकडे लेखी खुलासा मागितला गेला, तो मी दिला. त्यात प्रीसेट हा शब्द तीनदा समजावून सांगावा लागला. गफारभाईंना फोन केला तर ते हसत सुटले. मग मी वर्गणीवालं सॉफ्टवेअर बंद केलं आणि ट्रॅक्टरची वायरिंग शिकायला घेतली. तुम्ही विचाराल तर सल्ला एवढाच. सॉफ्टवेअर कोणतंही घ्या, पण ते तुम्हाला काहीच विचारत नसेल, तर छापण्याआधी फोटो एकदा जनावराशेजारी धरून बघा.

पुढच्या वर्षी अप्पा अर्ज घेऊन दवाखान्यात आले. मी उत्साहानं कॅमेऱ्याची पिशवी उचलली. म्हणालो, अप्पा, या वेळी असा फोटो काढतो की एकेक ठिपका मोजून घ्या.

अप्पांनी खिशातून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. थोडा तिरका, उजेड कमी, कोपऱ्यात अप्पांच्या बोटाचं टोक आलेलं. ठिपके सतरा.

"मोबाईलवर काढून आणलाय, डाक्टर. तुमी नुसता शिक्का मारा. बघून."