भोंग्याचं एक मत

आमच्या दादाला लहानपणापासून सगळे भोंगा म्हणत. त्याने हळू आवाजात निरोप सांगितला, तरी मागच्या गल्लीतली माणसं ओ द्यायची. याच आवाजावर तो निवडून आला. नदीवर पूल हवा, एवढी एकच गोष्ट तो विधानसभेत इतक्यांदा बोलला, की समोरचे हात जोडायला लागले. मग त्यालाच अध्यक्ष केलं. माझं विचाराल, तर त्याचं तोंड बंद व्हावं म्हणूनच केलं.

अध्यक्षाने कुणाची बाजू घ्यायची नाही, स्वतःचा प्रश्न मांडायचा नाही. दादाने हे इतकं मनावर घेतलं, की घरात वहिनी आणि सुनेचं वाजलं, तरी "दोघींचं म्हणणं ऐकलं आहे," म्हणून उठून जायचा. वहिनी चिडायची, "मी लग्न केलं होतं, कोर्टात नव्हते आले!"

मी नदीपलीकडे राहते. माझ्या नवऱ्याला डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा अलीकडच्या दवाखान्यात आणावं लागतं. नावेतून उतरताना त्याचे पाय लटपटतात. पाणी चढलं की नावच बंद. मग तो सुजलेलं अंग घेऊन घरात बसून राहतो आणि मी नदीला शिव्या घालते.

पुलाचा ठराव शेवटी एकदाचा मतदानाला आला, तेव्हा मी वर प्रेक्षकांच्या सज्जात होते. मतं समसमान पडली. आता अध्यक्षाचं एक मत. मी तर मनातल्या मनात पुलावरून चालायलाही लागले.

दादाने दोनदा घसा खाकरला. "मतं समान पडली, तर अध्यक्षाने आहे ते तसंच राहू द्यायचं, अशी या सभागृहाची रीत आहे. एवढा नवा खर्च एका माणसाच्या मतावर ठरू नये. माझं मत ठरावाच्या विरोधात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तडक त्याच्या दालनात शिरले. तो चष्मा काढून डोळे पुसत होता.

"एका शब्दाचं काम होतं, दादा!"

"त्या खुर्चीत बसल्यावर तो शब्द माझा नव्हता गं."

"मग बसलास कशाला तिथे?"

त्याने मागवलेला चहा तसाच ठेवून मी निघाले.

पुढच्या आठवड्यात नवरा दवाखान्यात नळ्या लावून पडला होता. वॉर्डातल्या टीव्हीवर सभागृह दिसत होतं आणि अध्यक्षाच्या खुर्चीत भलताच माणूस! दादाने राजीनामा दिला होता, मला एका अक्षराने न सांगता. शेवटच्या रांगेत उभा राहून तो पुलाबद्दल बोलत होता. मला भरून आलं. असला भाऊ, आणि मी त्याचा चहासुद्धा घेतला नव्हता.

"सन्माननीय सदस्य, आपली वेळ संपली," नवे अध्यक्ष म्हणाले.

"अध्यक्ष महोदय, वेळ माझ्या मेहुण्यांची संपत आली आहे. मला अजून दोन मिनिटं द्या."

नवऱ्याने डोळे मिटलेलेच ठेवले, पण तो हसला.

"द्या की हो त्याला," तो टीव्हीला म्हणाला.