खोलीत बोललेलं सगळं

फ्लॉसीचं कौतुक माझ्यासमोर करू नका. उमेळ्याची, आमच्याच भागातली ही पोरगी. आई-बाप दोघं मूकबधिर, म्हणून हातांची भाषा घरातच शिकली. पुढे मुंबईत रीतसर शिक्षण घेतलं, आणि आता कोर्टात, दवाखान्यात बहिऱ्यांचं बोलणं इतरांना सांगते. जाताना काळे कपडे, ना बांगडी, ना अंगठी. म्हणे समोरच्याची नजर हातांवरून हलू नये. मेले नखरे.

माझा भाऊ फेबियन जन्मापासून ऐकत नाही. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा, मी एकोणीसची. शाळा, डॉक्टर, सातिवलीच्या कारखान्यातली नोकरी, सगळीकडे आमच्या घरच्या खुणांवर त्याच्या वतीने मीच बोलले. मग बहिऱ्यांच्या मंडळात त्याला ही फ्लॉसी भेटली. घरी येऊन तासभर तिच्याबद्दलच सांगत बसला. जळले मी. खोटं कशाला बोलू?

त्याच मंडळात त्याला जेसिकाही भेटली, तीही न ऐकणारी. तिच्या माणसांनी लग्नाची बोलणी करायला निर्मळला आमच्या घरी यायचं ठरलं, तर फेबियनचा हट्ट, फ्लॉसीलाच बोलवायचं. त्या दिवशी पाहुणे यायच्या आधी मी फ्लॉसीला स्वयंपाकघरात गाठलं.

"काही वावगं निघालं तर जरा गोड करून सांग, हां."

"नाही जमणार, बाय. खोलीत जे बोललं जाईल ते सगळं सांगणार. गाळायचं नाही, घालायचं नाही."

मोठी आली शहाणी.

बोलणी चांगली चालली होती. लग्नानंतर वेगळी खोली घेऊ, असं दोघांनी सांगितलं. शेजारी लूर्डस मावशी होती. तिला मी आमच्या बोलीत हळूच म्हटलं, "याला कसला संसार झेपतोय? भाजीत मीठ किती ते मला विचारतो. चार महिन्यांत परत येईल." फेबियनसमोर आम्ही जन्मभर असंच बोलत आलो. त्याला कुठे ऐकू जातं?

फ्लॉसीचे हात क्षणभर थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग सगळं सांगितलं, मिठासकट.

जेसिकाचा चेहरा उतरला. तिने हातांनी काही विचारलं. फ्लॉसी मोठ्याने म्हणाली, "हे खरं आहे?" मग फेबियनचे हात चालले आणि फ्लॉसी बोलली, "मी परत येणार नाही. ताईला मी लागतो, म्हणून आजवर राहिलो."

बोलणं माझ्या भावाचं, आणि 'मी' म्हणणार ही. माझा तोल गेला. "ही पदरचं घालते," मी म्हटलं. तिने तेही त्याला सांगितलं. फेबियनने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, नाही म्हणून.

जेसिका हसली. तिच्या वडिलांनी तारखेचा विषय काढला.

मी उठून फेबियनसमोर बसले. कपाळावर बोट आडवं ओढलं, आमची लहानपणची खूण. ती त्याला कळली, तरी तो फ्लॉसीकडे वळला.

"ही तुमच्या घरची खूण, मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "अंदाजाने नाही सांगणार. तोंडाने सांगा, बाय."

पाहुणे बघत होते. मी फ्लॉसीला म्हटलं, "विचार त्याला, रागावलास का."