सोडलेली घार

प्राणिमित्र संस्थेत काकांनी अख्खी नोकरी पिंजरे धुण्यात घालवली. तिथली एक घार केव्हाच ठणठणीत झाली होती. पण देणगीदार आला की अध्यक्षबाई तिला त्याच्याच हातून आकाशात सोडायच्या. टाळ्या पडायच्या, फोटो निघायचे, बाईंचा गळा न चुकता दाटून यायचा. पाहुण्यांची गाडी वळली रे वळली की काका गच्चीवर मांसाचा तुकडा धरून शीळ घालायचे आणि घार निमूट पिंजऱ्यात परतायची.

काका निवृत्त झाले. पुढच्याच आठवड्यात बाईंचा फोन आला, "काका, पाहुणे आलेत. जरा येता का?"

काकू कडाडल्या, "अहो, तुम्हाला सोडलंय ना त्यांनी?"

काका चपला शोधत म्हणाले, "घारीलाही दर वेळी सोडतातच की!"