दादाच्या शेजारची सीट

रॅलीच्या, म्हणजे मोटारींच्या शर्यतीच्या, गाडीत दोघं असतात. एक चालवतो आणि दुसरा शेजारी बसून पुढचं वळण वाचून दाखवतो. चालवणारा माझा थोरला भाऊ, वाचणारी मी. बाबांची गिरणी बंद पडल्यावर दादा शाळा सोडून गोरेगावच्या एका गॅरेजात लागला. पुढे त्याने स्वतःचं गॅरेज काढलं आणि तिथेच एक जुनी गाडी रॅलीसाठी उभी केली. शेजारी बसायला कुणी तयार होईना, म्हणून त्याने मला बसवलं. तेव्हा मी कॉलेजात होते. लग्न होऊन बोरिवलीला गेले, मुलं मोठी झाली, पण ती सीट माझीच राहिली.

रॅलीच्या आधी आम्ही तो रस्ता सावकाश फिरायचो आणि मी प्रत्येक वळण लिहून घ्यायचे. 'लेफ्ट फोर, मग राइट टू.' आकडा जितका लहान, तितकं वळण अवघड. दादा पन्नाशीच्या पुढे गेला तेव्हा मलाही हेल्मेटच्या आत चाळिशीचा चष्मा लागला होता. त्यावरून आम्ही दोघं खूप हसायचो.

नाशिकजवळच्या एका रॅलीत आम्ही माळावरच्या रणरणत्या उन्हातून दाट झाडीत शिरलो आणि दादा एकदम ओरडला, "बोल, बोल!"

मी बोलतच होते.

संध्याकाळी गाडीखाली शिरलेल्या मेकॅनिकला ऐकू जाणार नाही अशा बेताने मी विचारलं, "तुला मगाशी दिसत नव्हतं ना?"

"उन्हातून सावलीत शिरलं की जरा काळोख होतो गं. मग दिसतं."

"आणि तोवर?"

"तोवर तू आहेस ना."

मी त्याला जबरदस्तीने अंधेरीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू असू दे, असं मी मनात म्हणत होते. मोतीबिंदू काढता तरी येतो. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांना काही झालेलं नाही. वयानुसार नजर अंधाराला सरावायला वेळ लावते, त्यावर औषध नाही. "रोजची गाडी बिनधास्त चालवा," ते म्हणाले. आम्ही कुठली गाडी चालवतो, हे दादाने त्यांना सांगूच दिलं नाही.

पंचाईत अशी की तो अजून जिंकत होता. पोरं त्याच्या पाया पडायची. कुठे ब्रेक मारायचा आणि कुठे गाडी मोकळी सोडायची, हे इतक्या वर्षांत त्याच्या अंगात इतकं भिनलं होतं की डोळ्यांचं उणं त्यात झाकलं जायचं. हरायला लागला असता तर लोकांनीच त्याला थांबवलं असतं.

वहिनी म्हणाली, "तूच सांग. माझं ऐकत नाही तो."

मी सांगितलं. "दादा, बस झालं ना आता."

"हा सीझन. मग सोडतो."

"गेल्या वर्षीही हेच म्हणालास."

"मग तू उतर ना! दुसरा कोणी बसेल."

मी उतरले नाही. दुसरा कोणी बसला असता, तर त्याला हे ठाऊकच नसतं. मला ठाऊक होतं. वळणांपुढे मी 'सावली' असंही लिहायला लागले होते. वाटायचं, तेवढ्याने भागेल.

शेवटच्या रॅलीत मी सगळं बरोबर वाचलं. "राइट टू, सावली." दादाने गाडी छान वळवली. पण आमच्या पुढच्या गाडीने कडेचा एक धोंडा रस्त्यावर ओढून ठेवला होता. तो मी लिहिलेल्या कशात नव्हता. मला तो स्पष्ट दिसला. मी ओरडले, "दगड!"

"कुठे?" दादाने विचारलं.

समोर होता, रस्त्याच्या मधोमध.

गाडी उडाली आणि माझ्या बाजूने झाडावर आदळली. दादाला ओरखडासुद्धा उठला नाही. माझं कंबरेचं हाड मोडलं. दोन ऑपरेशनं झाली, तरी डावा पाय पुन्हा नीट वळला नाही. हॉस्पिटलात तो रोज यायचा, खाटेच्या पायाशी उभा राहायचा आणि निघून जायचा. पुढे त्याने ती गाडी भंगारात काढली. गॅरेजात आलेल्या गाड्यांची ट्रायलही आता तो घेत नाही, कारागिरांना पाठवतो. स्वतः कुठे जायचं तर रिक्षाने जातो.

यंदा भाऊबीजेला तो वहिनीबरोबर आला. ओवाळून झालं. वहिनी फराळाच्या ताटल्या भरायला आत गेली आणि आम्ही दोघंच उरलो. कधी नव्हे तो आपणहून बोलला.

"त्या नाशिकच्या रॅलीतच मला कळलं होतं, थांबायला हवं."

"मग?"

"थांबून करायचं काय, ते कळलं नाही." मग म्हणाला, "अजूनही नाही कळत."

त्याच्यावर रागवावं असं खूपदा ठरवलं होतं. तेही जमलं नाही. समोर नुसता एक म्हातारा माणूस बसला होता. आतून वहिनीने हाक मारली. मी उठायला लागले तसा तो हात द्यायला पुढे झाला आणि मध्येच थांबला. मी भिंत धरून उठले.